एलईडी हेडलाइट परत परत लुकलुकतेय? चौथा जोड घेण्याआधी अर्थिंग बघा

तीन वर्षांत मी हेडलाइटच्या एलईडीचे तीन जोड घेतले. पहिला चार महिने चालला, दुसरा एक पावसाळासुद्धा नाही, तिसरा पंधरा दिवस. प्रत्येक वेळी तक्रार एकच: डावी बाजू लुकलुकायची. खड्डा आला की फडफड, इंडिकेटर दिला की त्याच्या तालावर फडफड, आणि एखाद्या रात्री अर्ध्या वाटेत गप्प. दुकानात गेलं की नवा बल्ब, नवा बल्ब घातला की दोन आठवडे सगळं झकास, आणि मग परत पहिले पाढे पंचावन्न. हाच प्रकार तुमच्याकडं चालू असेल तर बल्बवर पैसे घालायचं थांबवा आणि खालचं वाचा.

गाडी माझी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, एच४ बल्बची. म्हणजे अप्पर आणि डिपर एकाच बल्बात. कामाला गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, दुसरी पाळी. रात्री बारा-सव्वाबाराला सुटायचं, कोल्हापूर शहर ओलांडायचं आणि पुईखडी, वाशी करत राधानगरी रोडनं हळदीपर्यंत यायचं. हा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. दिवाळी झाली की उसाचे ट्रॅक्टर सुरू. मागं दोन-दोन ट्रॉल्या, लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर लोंबणाऱ्या पाचटाखाली झाकलेला. समोरून येणाऱ्याचा उजेड डोळ्यांवर असताना अशी ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेकला जेमतेम वेळ असतो. माझे मूळचे हॅलोजन तर पिवळट, मेणबत्तीसारखे वाटायचे. म्हणून एलईडी घेतली. खोक्यावर लिहिलेलं '२०,००० ल्यूमेन' वाचून खूश झालो होतो, हेही कबूल करतो.

तिसरा जोडही फडफडायला लागला तेव्हा उद्यमनगरातल्या एका जुन्या वायरमनकडं गेलो. वय साठीच्या पुढं, चष्म्याला दोरी. बोनेट उघडून मी एलईडी बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो, तर ते म्हणाले, "बल्बाला कशाला शिव्या घालतायसा? एकाच बाजूची लुकलुकालीय न्हवं? तिन्ही येळंला डाव्याच बाजूचा बल्ब खराब निघाला, म्हंजे दुकानदार काय डावं-उजवं बघून देतोय व्हय?"

मी कारखान्यात मशीनचे फॉल्ट शोधून पगार घेतो आणि हे माझ्या डोक्यात तीन वर्षांत आलं नव्हतं.

तर पहिली तपासणी तीच, फुकटातली. डावीकडचा बल्ब उजवीकडं घाला, उजवीकडचा डावीकडं. बिघाड बल्बाबरोबर गेला तर बल्ब (किंवा त्याच्या शेपटीचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) खराब. बिघाड जागेवरच राहिला तर बल्ब निर्दोष. दोष होल्डरमध्ये, वायरमध्ये नाहीतर अर्थमध्ये, म्हणजे बल्बकडून पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाणाऱ्या वाटेत. माझा जागेवरच राहिला.

अर्थ मोजायचा कसा

साधा मल्टिमीटर पुरतो, तीन-चारशे रुपयांचा. पण एक गोष्ट करा: मोजताना एलईडी काढून जुना हॅलोजन घाला. हॅलोजन डिपरला ५५ वॅटचा, म्हणजे चार अँपियरच्या वर करंट ओढतो. एलईडी साधारण दोन. करंट कमी म्हणजे खराब सांध्यावर पडणारं व्होल्टेजही कमी, त्यामुळं एलईडी लावून मोजलंत तर आजार निम्माच दिसतो.

इंजिन चालू, डिपर चालू. मीटर डीसी व्होल्टवर. आधी बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मोजा. चालू गाडीला १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असायला हवं. माझं १३.९ होतं. मग काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला धरून ठेवायची आणि लाल पिन होल्डरच्या मागून अर्थच्या वायरीला टेकवायची. दोन्ही टोकं निगेटिव्हच असल्यामुळं आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. ०.१ ठीक, ०.२ पर्यंत चालवून घ्या, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की सांधा खराब समजा.

माझ्या उजव्या बाजूला ०.२ आला. डाव्या बाजूला १.२.

वायरमननी मग मीटर माझ्या हातात दिला आणि स्वतः हेडलाइटच्या खालचा वायरींचा जुडगा दोन बोटांनी हलवला. आकडा १.२ वरून ३ च्या वर उडाला, परत ०.९ ला आला, परत वर. आणि गंमत ही, की समोरच्या शटरवर पडलेला हॅलोजनचा उजेड जरासा मंद झाल्यासारखा वाटला, एवढंच. तिथंच एलईडी घातली आणि जुडगा तसाच हलवला, तर शटरवर गणपतीतलं डेकोरेशन सुरू.

कारण साधं आहे. हॅलोजनमध्ये टंगस्टनची तार असते आणि ती अडीच हजार अंशांच्या वर तापून उजेड देते. वीज निमिषभर तुटली तरी तापलेली तार तेवढ्यात विझत नाही, त्यामुळं डोळ्याला काही कळत नाही. एलईडीत तापून उजळणारं काही नसतंच. वीज तुटली की उजेड तुटला, वीज आली की आला, आणि ड्रायव्हरचं सर्किट प्रत्येक वेळी नव्यानं सुरू होतं. म्हणजे लुकलुकणं एलईडीनं आणलेलं नव्हतं. ते गाडीत आधीपासून होतं, हॅलोजन फक्त झाकून घेत होता.

अर्थचा बोल्ट डाव्या हेडलाइटच्या खाली, बॅटरीच्या ट्रेच्या बगलेला निघाला. तुमच्या गाडीत जागा वेगळी असेल. हेडलाइटमधून निघणारी काळी, काही गाड्यांत तपकिरी, वायर कुठं पत्र्याला जाते ते हातानं चाचपत जा. माझा बोल्ट बॅटरीच्या वाफेनं आणि चाकानं उडवलेल्या चिखलपाण्यानं खाल्लेला होता. थिंबलवर (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्यावर) हिरवट-पांढरी भुकटी, खाली पत्र्याला गंज, आणि वायरीच्या आतल्या तारांपैकी निम्म्या काळ्या पडून तुटलेल्या. नवा बल्ब घातल्यावर दोन आठवडे बरं का चालायचं, तेही इथंच कळलं. बल्ब बदलताना होल्डर ओढला जायचा, जुडगा हलायचा, भुकटी जरा खरवडली जायची आणि सांधा काही दिवस धरायचा. दुकानदारालाही वाटायचं बल्बच गेलेला, मलाही.

दुरुस्ती अशी केली. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. हे विसरू नका, पान्याचं दुसरं टोक पॉझिटिव्हला लागलं तर ठिणग्या उडतात. बोल्ट खोलला, पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरनं घासला. वायरीचा काळा भाग कापून नवं थिंबल दाबलं, खाली स्टार वॉशर घातला, घट्ट केलं आणि वरून पेट्रोलियम जेली फासली. जेली आधी नाही, घट्ट केल्यावर. शिवाय २.५ स्क्वेअर एमएमची एक वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ओढून घेतली, म्हणजे उद्या बोल्ट परत गंजला तरी दुसरी वाट आहे. मजुरी दोनशे रुपये आणि दोन चहा. तीन जोडांना मी जे घातलं ते इथं लिहीत नाही, घरात हे वाचणारी माणसं आहेत.

मीटर परत लावला: ०.१.

आता खरा झटका. दुरुस्तीच्या आधी हॅलोजन घालून होल्डरवर पूर्ण व्होल्टेजही मोजलं होतं, ते ११.८ भरलं होतं. बॅटरीवर १३.९, बल्बपाशी ११.८. दोन व्होल्ट वाटेतच खाल्ले जात होते: १.२ अर्थमध्ये, ०.९ स्विच आणि पातळ वायरींमध्ये. एच४ बल्बचा उजेड १३.२ व्होल्टला मोजून ठरवलेला असतो, आणि हॅलोजनचं व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरलं तर उजेड साधारण ३० टक्क्यांनी उतरतो. म्हणजे माझ्या डाव्या बाजूचा जवळजवळ एक तृतीयांश उजेड वायरींमध्येच जिरत होता. ज्या बिघाडाला कंटाळून मी एलईडी घेतली, तोच बिघाड पुढं तीन वर्षं त्या एलईडीला फडफडवत होता.

उरलेल्या ०.९ साठी हॅलोजनलाच (एलईडी का काढली ते पुढं येईल) रिलेचा, म्हणजे विजेनं चालणाऱ्या स्विचचा, तयार जोड घातला. यात बल्बचा करंट बॅटरीतून फ्यूजमार्गे, जाड वायरीतून, रिलेवरून थेट बल्बला जातो. डॅशबोर्डचा स्विच फक्त रिले ओढायचं काम करतो. अप्परला एक रिले, डिपरला एक. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा. मूळ होल्डरची कापाकापी होत नाही, एका बाजूचा जुना होल्डर रिलेच्या जोडात खोचला की झालं. आता बल्बपाशी १३.५ मिळतात. बल्ब थोडा लवकर उडेल, हे मान्य. पण पहिल्या रात्री पुईखडीचा उतार उतरताना मला वाटलं मी चुकून अप्परवर आहे.

रिलेसोबत काही जण १००/९० वॅटचे बल्ब घालतात. त्या भानगडीत पडू नका. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरचं पॉलिश जळतं आणि समोरचा शिव्या देतो तो वेगळाच.

अर्थ ठीक असेल आणि तरी त्रास असेल तर

लुकलुकण्याची सगळीच प्रकरणं अर्थची नसतात. माझ्या ओळखीतल्या तीन-चार गाड्यांत वेगळीच कारणं निघाली.

मामेभावाची २०१४ ची बाईक. एलईडी घातली, तर उभ्या गाडीवर थरथरायची आणि ॲक्सिलरेटर पिळला की स्थिर. ही जुन्या बाईकची ओळखच आहे. तेव्हाच्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या, एसी करंटवर चालायची. हॅलोजनला एसी-डीसी सारखंच, एलईडीला नाही. मीटर एसीवर ठेवून होल्डरला लावा, आकडा आला आणि रेसबरोबर वर-खाली झाला तर तेच. इलाज म्हणजे वायरिंग डीसी करून घेणं: रेक्टिफायर-रेग्युलेटर बदलावा लागतो, काही गाड्यांत कॉइलचं अर्थिंगही सोडवावं लागतं. ते ज्याला येतं त्याच्याकडूनच करा. मामेभावानं खर्च ऐकला आणि मुकाट ३५/३५ चा साधा बल्ब परत घातला. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींची हेडलाइट इंजिनबरोबर कायम चालू राहते, त्या गाड्यांतही आधी मोजूनच खात्री करा, तर्कावर जाऊ नका.

शेजाऱ्यांच्या नव्या गाडीत दिवे बंद असतानाही एलईडी मधूनच चमकायची, आणि चालू केल्यावर बारीक थरथर, मोबाईलच्या कॅमेऱ्यात पट्टे दिसतील अशी. इथं गाडीचा कॉम्प्युटर बल्ब शाबूत आहे का ते बघायला वीज टप्प्याटप्प्यानं सोडतो. त्याला लागतो 'कॅनबस डिकोडर', म्हणजे मुळात कपॅसिटर असलेली डबी. काही जण त्याऐवजी ६ ओहमचा लोड रेझिस्टर लावून देतात. तो एकटाच ३० वॅट खातो आणि हात भाजेल इतका तापतो. प्लास्टिकला बांधलेला मी डोळ्यांनी बघितलाय. लावायचाच तर पत्र्यावर लावा. आणि मग एलईडीनं वीज वाचली म्हणून कोणाला सांगू नका.

दहा-पंधरा मिनिटं झकास आणि मग मंद होते किंवा बंद पडते, थंड झाली की परत चालू? मग उष्णता. एलईडीचा झोत गार असतो पण तिचा पाया तापतो, आणि तो गार करायला मागं छोटा पंखा असतो. हेडलाइटच्या मागचं रबरी झाकण त्या पंख्यावर दाबून बसवलं की हवा कोंडते. मित्रानं यावर उपाय म्हणून झाकणालाच भोक पाडलं आणि आषाढात गगनबावड्याला जाऊन आला. परतल्यावर दिव्यात पाणी डुचमळत होतं, फक्त मासे सोडायचे बाकी होते. खोल आकाराचं झाकण मिळतं, ते घ्या. पंख्यात धूळ आणि पाचटाचा भुगाही अडकतो, वर्षातून एकदा ब्लोअर मारा.

अप्पर-डिपर उलटंपालटं होणं, डॅशबोर्डवरचा निळा दिवा विझतच नाही, किंवा दोन्ही झोत अर्धवट पेटतात: गाडीचं स्विचिंग निगेटिव्ह बाजूनं असेल. काही जपानी धाटणीच्या गाड्यांत बल्बाला पॉझिटिव्ह कायम असतं आणि स्विच निगेटिव्ह जोडतो. हॅलोजनला दिशा कळत नाही, एलईडीला कळते. त्यासाठी वेगळा ॲडॉप्टर येतो. रिलेचा जोड घेतानाही हे आधी तपासा.

रेडिओवर आकाशवाणी कोल्हापूर लावलं की खरखर आणि दिवे बंद केले की गाणं स्वच्छ, असं असेल तर ड्रायव्हरची वायर फेराइटच्या कड्यातून दोन वेढे देऊन घ्या. बहुतेक वेळा भागतं.

लुकलुक थांबली, पण रस्ता दिसतो का?

अर्थ सुधारल्यावर माझी तिसरी एलईडी अगदी स्थिर पेटली. तरी मी ती काढली, त्याचं कारण भिंत.

सपाट जागा बघा, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा, चाकांत हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर कोणीतरी बसलेलं, लेव्हलिंगचं (झोत वर-खाली करायचं) चाक शून्यावर. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं आखा. डिपरची वरची कड या रेषेच्या साधारण १० सेंटीमीटर खाली हवी, आणि आपण डावीकडून चालवत असल्यामुळं डाव्या हाताला ती कड वर चढत गेलेली हवी, म्हणजे रस्त्याकडेचा माणूस, सायकल, पाटी दिसते. आधी हॅलोजननं फोटो काढा, मग एलईडीनं.

आमच्या गोडाऊनच्या भिंतीवर हॅलोजनची कड सुरीनं कापल्यासारखी आली. एलईडीची कड विरघळलेली, वर दोन फुटांवर उजेडाचे डाग, आणि मधोमध, जिथं लांबचं दिसायला हवं तिथं, खड्डा. गाडीच्या अगदी पुढं मात्र भगभगीत. त्यामुळंच चालवताना 'लई उजेड पडलाय' असं वाटतं: जवळचं पांढरंफेक, डोळा त्याला सरावतो आणि लांबची ट्रॉली अजूनच काळी.

रिफ्लेक्टर घडवलेला असतो तारेच्या जागेसाठी. एच४ मध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटी वाटी असते, ती खालचा उजेड अडवते म्हणून वरची कड तयार होते. एलईडीची चिप तारेच्या जागेपासून मिलिमीटरभर जरी सरकली, किंवा पट्टी जाड असली, तरी सगळा हिशोब चुकतो. कॉलर (बल्ब दिव्यात बसवायची कडी) फिरवून चिप घड्याळाच्या तीन आणि नऊच्या दिशेला, म्हणजे आडव्या, आणून बघा. बऱ्याच जणांचा बल्ब तिरका बसवलेला असतो आणि एवढ्यानंच निम्मी तक्रार मिटते. माझी थोडी सुधारली, पुरेशी नाही. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बांना रस्त्यावर वापरायची परवानगी आहे, पण तीही गाडीचं मॉडेल आणि तिची हेडलाइट यांच्या जोडीनं तपासून. एका दिव्यात चाललेला बल्ब दुसऱ्यात चालेलच असं तिथंही कोणी धरत नाही. प्रोजेक्टरच्या (दिव्यात भिंग असलेल्या) गाडीत कड दिव्यातल्या पडद्यानं कापली जाते, म्हणून तिथं गोंधळ कमी, पण भिंत तिथंही बघाच.

२०,००० ल्यूमेनचंही मोजून टाकलं. माझी एक एलईडी १३.५ व्होल्टला दोन अँपियर ओढत होती, म्हणजे २७ वॅट. वॅटमागं १०० ल्यूमेन असं उदारपणे धरलं तरी २,७०० होतात.

आपल्याकडचा नियमही घरी तपासता येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार डिपरचा झोत असा खाली वळलेला हवा, की गाडीच्या ८ मीटर पुढं, उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि दीड मीटर उंचीवर डोळा असलेल्या माणसाला दिपू नये. टेप घ्या, त्या जागी स्टूल टाका, डोळा दीड मीटरवर आणून बसा आणि घरच्या कोणाला डिपर लावायला सांगा. मी बसलो. हॅलोजनला रेडिएटरची जाळी दिसत होती. एलईडीला गाडीच दिसेना. परवानगीशिवाय गाडीत केलेल्या बदलाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर बदलामागं ५,००० रुपये दंड आहे, तो भाग निराळा. स्टुलावर बसल्यावर मला दंडाची आठवण झालीच नाही. आठवला तो वाशीजवळ समोरून आलेला एक दुचाकीवाला, ज्यानं डोळ्यांवर हात धरून गाडी थेट साइडपट्टीवर घातली होती.

जाता जाता काच बघा. माझी पिवळी पडलेली होती. १०००, २००० आणि ३००० नंबरचा पेपर पाण्यातून, त्याच क्रमानं, आणि शेवटी पॉलिश. पॉलिशवर यूव्हीचा थर दिला नाही तर वर्षात परत पिवळी होते. आणि धुक्याच्या घाटात कुठल्याही रंगाचा बल्ब असो, अप्पर लावू नका, झोत जितका खाली तितकं दिसतं.

सध्या गाडीत साधे ६०/५५ चे हॅलोजन, रिले आणि नवा अर्थ. तिसरी एलईडी शेतात विहिरीवरच्या मोटरीच्या शेडमध्ये टांगली आहे, गाडीच्याच जुन्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. रात्रीची लाइट असते तेव्हा पाणी पाजायला बरी पडते. परवा पावसाळा संपल्यावर बोनेट उघडून मीटर लावला: उजवीकडं ०.२, डावीकडं अजून ०.१. आता उजवीकडचा बोल्टही खोलायचाय.